टाळाचं शेपूट

निरुती लिंग मागे पडलं की रस्ता डोंगराच्या पाठीमागे वळतो. तिथल्या मोरीच्या कठड्यावर मासिलामणी मास्टर टेकले, उजवा पाय मांडीवर घेतला आणि तळव्यात रुतलेला खडा शोधायला लागले. तिरुवण्णामलैचं गिरिवलम, म्हणजे वाटेतल्या आठ लिंगांचं दर्शन घेत डोंगराला घातलेली प्रदक्षिणा, अनवाणीच करायचं, म्हणजे खडे आलेच. डोंगर उजव्या हाताला होता, ऊन अजून कोवळं होतं, आणि बरोबर आलेली पोरं पुढे उसाच्या रसाच्या गाडीला माशांसारखी चिकटली होती.

"बघा टीचर," मास्टर म्हणाले, "एवढा लांब रस्ता, एवढे लाखो पाय, आणि हा खडा कोणाला न विचारता बरोबर माझा पत्ता शोधत आला. याला म्हणतात नेटवर्क."

सुलभाला हसू आलं, पण तिने ते ओठातच ठेवलं. पहाटे इंद्र लिंगापासून निघाल्यापासून ती एका प्रश्नाची वाट बघत होती, आणि मास्टर तो प्रश्न सोडून जगातलं सगळं बोलत होते. प्रश्न साधा होता. सोमवारी तुम्ही चष्मा पुसणार की नाही?

सोमवारी त्यांच्या ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या संस्थेत सगळ्या शिक्षकांच्या कानांची परीक्षा होती. सगळ्यांनी एका खोलीत हेडफोन लावून बसायचं, एकच तुकडा दोनदा ऐकायचा, एकदा मुळातला आणि एकदा दाबून लहान केलेला, आणि कुठला कोणता ते कागदावर लिहायचं. मासिलामणी मास्टरांना ते ओळखता येणार नव्हतं. चेन्नईच्या सालिग्रामम भागात पोरांना 'आवाज दाबला की त्याचं काय होतं' हे जन्मभर शिकवणाऱ्या माणसाला दाबलेला आवाज ओळखता येत नव्हता. आणि ही गोष्ट फक्त सुलभाला ठाऊक होती. तशी मास्टरांनी ती बायकोला, कोमळवल्लीलाही सांगितली होती; पण ती म्हणाली, "यांना माझं कधीच ऐकू आलं नाही. यात नवीन काय?"

तेव्हा मास्टरांनी युक्ती काढली होती. सुलभाचे कान शाबूत. ती मूळची मिरजेची, तंबोऱ्यांच्या गावची. लग्न होऊन चेन्नईला आली आणि गेली कित्येक वर्षं त्याच संस्थेत पोरांना स्वर ओळखायला शिकवत होती. तिने मास्टरांच्या समोर बसायचं. मूळ असेल तर एकदा खोकायचं, दाबलेलं असेल तर दोनदा.

"हेडफोन घातल्यावर तुम्हाला माझा खोकला ऐकू कसा येणार?" सुलभाने सरळ विचारलं होतं.

 मास्टर म्हणाले होते, "हुशार आहात. मग चष्मा. मूळ असेल तर नाकावर, दाबलेलं असेल तर काढून पुसा." सुलभा हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी यंदाच्या तुकडीला घेऊन दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे सगळे गिरिवलमला निघाले.

मासिलामणी कुंभकोणमकडच्या एका खेड्यातले. वडील वैद्यलिंगम नादस्वरमच्या, म्हणजे तिकडच्या लांब सनईच्या, ताफ्यात टाळ वाजवायचे. "ताफ्यात नादस्वरमवाला राजा," मास्टर सांगायचे, "तविलचा ढोल बडवणारा सेनापती, आणि टाळवाला म्हणजे पालखीबरोबर आपण होऊन चालणारं कुत्रं. हाकलत नाहीत, इतकंच." लग्नात फोटो काढायची वेळ आली की फोटोवाला म्हणायचा, अहो टाळवाले, जरा सरका. वैद्यलिंगम सरकायचे. त्यांच्या घरात ताफ्याचे जेवढे फोटो होते, त्या प्रत्येकात त्यांचं एक कोपर होतं.

पण त्या कोपराच्या टोकाला जे टाळ होते, त्यांना शेपूट होतं. हा मास्टरांचा शब्द. टाळ आपटला की 'टिंग' होतं, ते कोणीही ऐकतं. त्यानंतर एक बारीक, उजळ किनार हवेत लोंबकळत राहते, थरथरते, आणि कधी संपली ते कळू न देता संपते. ते शेपूट. लहानपणी देवळाच्या ओसरीवर झोपेला आलेला मासिलामणी त्या शेपटाला धरून जागा राहायचा.

वडिलांचा टाळ काही त्यांनी घेतला नाही. "सरकायला मला जमणार नव्हतं, माझी रुंदी बघा." ते चेन्नईतल्या सिनेमावाल्यांच्या कोडंबाक्कमला एका रेकॉर्डिंग थिएटरात वायरी उचलायला लागले. तिथे वायर गुंडाळायचीसुद्धा रीत असते, एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे फेकली की गाठ न पडता धावत सुटते. ती रीत शिकायला त्यांना एक पावसाळा लागला आणि नंतर बायकोच्या साड्या वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा ते तशाच गुंडाळायला लागले. पुढे टेपा गेल्या, कॉम्प्युटर आले. जुनी मंडळी रुसून बसली. मास्टर रुसले नाहीत. "पेटी नवी असेल, पण मागे वायर लोंबतेच आहे ना? मग मी आहे." असं करत करत ते वायरीचे झाले, मग वायरीतून काय जातं त्याचे झाले, आणि शेवटी संस्थेने त्यांना फळ्यासमोर उभं केलं.

त्यांचा पहिला तास संस्थेत गाजलेला होता. ते एका कागदावर वाक्य लिहायचे. वाक्य दरवर्षी वरिष्ठांबद्दल असायचं. यंदाचं होतं, 'नव्या हेडसरांना आज करपलेला डोसा मिळाला.' मग त्या कागदाचे टराटरा तुकडे करायचे, एकेक तुकडा एकेका पोराच्या हातात द्यायचा, आणि म्हणायचे, "जा, कोणी जिन्याने जा, कोणी मागच्या दाराने जा, आणि शेजारच्या वर्गात पोचवा." पलीकडे तुकडे पोचायचे ते असे, की डोशाला हेडसर मिळायचे. सगळे हसून घ्यायचे. मग दुसऱ्यांदा प्रत्येक तुकड्यावर आकडा घालायचे.

"आता कळलं? हेच नेटवर्कमधलं पाकीट. गाणं अख्खं जात नाही. तुकडे होऊन जातं, ज्याला जी वाट मोकळी ती धरून. आकडे असले की पलीकडचा ते ओळीने लावतो. एखादं हरवलं तर?"

"पुन्हा मागवायचं, मास्टर."

"फाईल असेल तर माग. पोचपावती घे, भांड, पुन्हा माग. पण समोर कोणी गात असेल आणि ते त्याच क्षणी पाठवायचं असेल, तर? वरातीत एक फटाका फुसका निघाला म्हणून वरात मागे नेऊन तो पेटवतात का? नवरा पुढे गेला, लेका! गेला तो गेला. पुढचा फोड."

दाबण्याचं शिकवताना त्यांच्या दोन पेट्या असत. एक आईने भरलेली. सगळं घडी घालून, कोंबून, वर बसून झाकण लावलेलं. उघडली की लोणच्याच्या बरणीसकट सगळं जागेवर. दुसरी जावयाने भरलेली. तो प्रत्येक वस्तू हातात घेऊन म्हणतो, हे कशाला लागतंय? आणि निम्मं घरीच ठेवतो. "आणि गंमत अशी, की पंधरा दिवस त्याचं काही अडत नाही! तुमच्या फोनवरची बहुतेक गाणी जावयाने भरलेली आहेत. तो कानाची खोड जाणतो. तविल धडाडलं, त्याच क्षणी शेजारच्याने ढेकर दिली, तर ऐकू येते? नाही ना? मग लिहून कशाला ठेवायची?"

पहिल्या पेटीचा दाखला ते देवळातून काढायचे. पुजारी देवाचं नाव घेऊन एक हजार आठ वेळा 'पोट्रि', म्हणजे 'जय असो', म्हणतो. त्याऐवजी कागदावर 'पोट्रि, गुणिले एक हजार आठ' लिहिलं, तर एक अक्षरही न गमावता काम झालं की नाही? देवाला चालायला काय हरकत आहे?

एकदा सुलभा दारातून जात होती, तिने तिथूनच उत्तर दिलं होतं. "देवाला चालेल मास्टर, त्याला उघडून वाचायची सवड आहे. पण म्हणणाऱ्याचं काय? त्याच्या तोंडून एकदाच नाव गेलं."

वर्ग हसला होता. मास्टरही हसले, आणि नंतर दरवर्षी ते उत्तर तिच्या नावानिशी सांगायला लागले. तेव्हापासून दोघांची दोस्ती.

आणि शेवटचा तास टाळाचा. थिएटरात असताना मास्टरांनी एकदा वडिलांचा ताफा टेपवर घेतला होता आणि पुढे तो जसाच्या तसा कॉम्प्युटरात उतरवला होता, एका सेकंदात चव्वेचाळीस हजार वेळा आवाजाची नाडी बघून. तो वाजवायचे. मग तोच दाबून, आणखी दाबून, अगदी चिपाड करून वाजवायचे. नादस्वरम तसंच्या तसं ऐकू यायचं, तविलही. पण टाळ ओल्या वाळूत पडल्यासारखा व्हायचा. शेपूट नाही. "जगात काहीही दाबायला घ्या," मास्टर म्हणायचे, "पहिला टाळवाला सरकवतात." मूळचा तुकडा शेवटी पुन्हा लावताना ते डोळे मिटायचे, आणि शेपूट हवेत पूर्ण विरलं की मगच उघडायचे.

दोन वर्षांपूर्वी सुलभाच्या लक्षात आलं की मास्टर डोळे लवकर उघडतात. शेपूट अजून थरथरत असतं आणि हे फळा पुसायला वळलेले. तिला वाटलं, घाई असेल. साखर वाढलीय, लघवीला जायचं असेल. माणसाबद्दल वाईट विचार करण्याआधी तिच्याकडे अशी पुष्कळ कारणं असायची.

मग यंदाची आयुधपूजा आली. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं पुजतात, तिकडे ज्याच्यावर पोट आहे ते सगळं पुजतात. रिक्षा, शिवणयंत्र, डोशाचा तवा. संस्थेत तर आदल्या दिवसापासून घासपूस. सगळ्या वायरी उपसून पुसल्या, प्रत्येक यंत्राला चंदन लावलं, कुंकू लावलं, आणि ज्या डब्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात त्याला झेंडूची माळ. वायरी परत खोचायचं काम मास्टरांचं. सगळं झालं आणि एका वायरीचं टोक डब्याशेजारी लोंबकळत राहिलं. कुंकू लावलेलं, धुतलेलं, सणाच्या दिवशी बिचारं मोकळं. बाजूलाच एक भोक रिकामं होतं. मास्टरांनी टोक उचललं, डोळ्यांना लावलं आणि खोचलं.

त्या वायरीचं दुसरं टोक त्याच डब्यात होतं.

हेच मास्टर दरवर्षी ओरडून सांगायचे, की एका डब्यातून निघालेली वायर त्याच डब्यात घालू नका. सगळ्यांना उद्देशून सोडलेलं पाकीट मग त्यातच प्रदक्षिणा घालत बसतं. आणि प्रत्येक फेरीला त्याला पिल्लं होतात, पिल्लांना पिल्लं होतात, आणि घटकाभरात रस्त्यावर माणसाला पाय ठेवायला जागा नाही. "लांबच्या प्रवासाला निघालेल्या पाकिटाला आयुष्य मोजून दिलेलं असतं, दर नाक्यावर एक वर्ष कमी, शेवटी मरतं. पण घरातल्या घरात फिरणाऱ्याला मरण नाही. हा डोंगर सोडून कशालाच प्रदक्षिणा मानवत नाही!"

आणि आता डब्यावरचे सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागले. झेंडूच्या माळेत ते इतके शोभत होते की इलक्किया नावाच्या पोरीने त्याचा फोटो काढला. "मास्टर, पूजेसाठी रोषणाई केलीत?"

"देव पावला म्हण," मास्टर म्हणाले, आणि चुरमुरे उधळायला वळले.

तेवढ्यात स्टुडिओतले स्पीकर, जे त्याच वायरींवर जगत होते, ते भांबावले आणि त्यातून एक शीळ निघाली. सुईसारखी पातळ, दातांत शिरणारी. पोरांनी कानांवर हात दाबले. सुलभा हातात आरती घेऊन तशीच स्पीकरकडे वळली. वरून नवे हेडसर, आदवन, जिना उतरत धावत आले. सगळ्या खोलीत एकच माणूस शांत उभा होता. मास्टर चुरमुऱ्यांची मूठ तशीच धरून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"काय झालं? माझं गाणं सुरू व्हायच्या आधीच कानांवर हात?"

सुलभाने आरती खाली ठेवली आणि जाऊन स्पीकरचं बटण बंद केलं. आपण कुठलं टोक कुठे खोचलं ते मास्टरांच्या लगेच लक्षात आलं, त्यांनी ते उपसलंही, आणि 'चंदनामुळे सरकलं' म्हणून हसण्यावारी नेलं. पण सगळे पांगल्यावर ते सुलभाजवळ आले.

"काय होतं ते?"

"शीळ."

"मोठी?"

"खूप."

मास्टरांनी मुठीतले चुरमुरे तोंडात टाकले आणि ते चावत म्हणाले, "म्हातारपणसुद्धा जावयासारखंच भरतं पेटी. हे कशाला लागतंय, ते कशाला लागतंय. आणि वरच्या बारीक सुरांपासून सुरुवात करतं, म्हणजे पत्ताही लागत नाही. टीचर, माझ्या कानांनी माझ्या बापालाच सरकवलं हो."

सुलभाने कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलं नाही म्हणून. विचारलं असतं तर तिने काय केलं असतं, हे तिला सांगता आलं नसतं. आणि मग आदवननी परीक्षेचा फतवा काढला. माणूस वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की जो पोरांच्या ध्वनिमिश्रणाला गुण देतो, त्याला निदान ऐकू यावं. यात चूक काढायला जागा नव्हती. नापास होणाऱ्याची नोकरी जाणार नव्हती. वायरी, पाकिटं सगळं मास्टरांकडेच राहिलं असतं. जाणार होता तो कानांचा वर्ग, आणि त्यात तो एक टाळाचा तास.

"निघाला!" मोरीवर बसलेले मास्टर ओरडले. खडा त्यांनी बोटांत धरून उन्हात बघितला. "एवढासा. मला वाटलं अर्धा डोंगर शिरलाय."

पुढे सुक्कू कॉफीची, म्हणजे सुंठ-गुळाच्या कॉफीची, गाडी लागली. गाडीवाल्याने गर्दी बघून आधीच सहा पेले भरून मांडून ठेवले होते. तेवढ्यात त्याचा स्टोव्ह विझला. तो शिव्या घालत पंप मारत राहिला, पण गिऱ्हाइकांना काही कळलंच नाही, भरलेले पेले जात राहिले.

"बोला रे," मास्टर कॉफी फुंकत म्हणाले, "हे काय?"

"बफर!" पोरं एका सुरात ओरडली.

"आणि स्टोव्ह सातव्या पेल्यापर्यंत पेटला नाही तर?"

"गाणं अडकतं!"

"आणि हा साठ पेले भरून ठेवील तर?"

पोरं थांबली. इलक्किया म्हणाली, "तर मला मिळेल ती कॉफी गार असेल. उशिराची."

"शाब्बास. म्हणून समोरासमोर गाणाऱ्याला कमी पेले, घरी लोळत ऐकणाऱ्याला जास्त." मास्टरांनी दुसरा पेला उचलला. सुलभाने त्यांच्याकडे बघितलं. "साखर नाही, गूळ आहे," ते म्हणाले.

वरुण लिंगापाशी सुलभा पुन्हा थांबली, हात जोडून उभी राहिली. मास्टर बाहेर चुळबुळत होते. आतापर्यंत पाच लिंगांना तिने एकच गोष्ट विचारली होती, की नाही कसं म्हणू? पाचही जण गप्प. देव असाच असतो, हे तिला ठाऊक होतं. पण कधीकधी त्याने निदान डोकं तरी हलवावं असं वाटतं.

आदि अण्णामलैच्या देवळात सकाळची पूजा चालली होती आणि मंडपात ताफा बसला होता. नादस्वरम, तविल, आणि खांबाआड, निम्मा झाकलेला, टाळवाला. मास्टर उंबऱ्याशीच थबकले. त्यांची नजर त्या माणसाच्या मनगटावर होती. मनगट खाली आलं, टाळ मिळाले, आणि मास्टरांनी डोळे मिटले. टिंग. शेपूट निघालं, तविलच्या दोन ठोक्यांमधून वाट काढत छताकडे गेलं. ते अजून वर कुठेतरी थरथरत होतं तेव्हा मास्टरांनी डोळे उघडले.

"संपलं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही," सुलभा म्हणाली. "अजून आहे." आणि मग, "आता संपलं."

 मास्टरांना विनोद सुचला नाही असं सुलभाने पहिल्यांदाच बघितलं.

देवळातून बाहेर पडल्यावर इलक्किया रेंगाळत मागे आली. "मास्टर, एक विचारू? रागावू नका."

"विचारून झाल्यावर रागावतो."

"मागच्या वेळी माझ्या नृत्याच्या गाण्याला तुम्ही पैकीच्या पैकी दिले. मी ते घरी ऐकवलं. आई म्हणाली, ती नाचणारी तांदळाच्या पोत्यात उभी आहे का? घुंगरू असे का येतात? मला वाटलं, मास्टरांनी ऐकलंय म्हणजे बरोबरच असणार. म्हणून मी पुढची तीन गाणी तशीच केली. ते बरोबर आहे ना?"

मास्टरांनी विचारलं, "आई काय करते तुझी?"

"मासळी विकते."

"मग कान तयार असणारच, बाजारात बसते ती." ते हसले. पण ते हसू घशातून आलं, पोटातून नाही. "जा, पुढे जा. मी सांगतो नंतर."

पोरगी गेली. वायू लिंग आलं, कुबेर लिंग आलं.  एक म्हातारा भिकारी "अरोहरा", म्हणजे आपलं हर हर, म्हणाला, त्यालाही मास्टरांनी टोमणा मारला नाही, तेव्हा सुलभा मागे राहून त्यांच्याबरोबर चालायला लागली.

कुबेर लिंगानंतर इडुक्कु पिळ्ळैयार लागतो. गणपतीचं हे देऊळ म्हणजे दगडी बोळ. मागच्या भोकातून आडवं होऊन शिरायचं, सरपटत, कुशीवर वळत पुढच्या भोकातून बाहेर यायचं. म्हणतात की दुखणीखुपणी आतच राहतात. दरवर्षी मास्टर इथे पोरांना बाहेर उभं करून स्वतः आत शिरायचे आणि बाहेर आले की हात पसरून म्हणायचे, "बघा! एवढं दाबलं, पण एक रतलही कमी नाही. आईची पेटी!"

यंदाही पोरं मागच्या भोकाशी जमली, मोबाईल काढून. सुलभा पुढच्या बाजूला चपला नसलेल्या पायांवर उभी राहिली. आतून घासल्याचा, धापा टाकल्याचा आवाज आला. मग मास्टरांचं डोकं बाहेर आलं, कपाळावरची विभूती पुसलेली. मग एक हात आला. आणि तिथेच सगळं थांबलं.

"मास्टर?"

"अडकलो."

"पोरांना सांगू? पाय ढकलतील."

"थांबा. नका सांगू." मास्टरांनी वर बघितलं. दगडाच्या तोंडातून बाहेर आलेलं ते डोकं अगदी पिळ्ळैयारसारखंच, हात जोडावेत असं दिसत होतं. "टीचर, जरा वाका. एकदा बाहेर आलो की मी परत थट्टा करणार, माझी मला खोड ठाऊक आहे. आत्ता श्वासाला जागा नाही, म्हणून तेवढ्यात खरं बोलून घेतो. सोमवारी चष्मा पुसू नका."

"पुसणार नव्हतेच," सुलभा म्हणाली. म्हणून गेली, आणि मग तिला कळलं की उत्तर होतंच.

"ते मला अग्नी लिंगापासून माहिती आहे. माणूस देवापुढे एवढा वेळ उभा राहतो तो नाही म्हणायला. हो म्हणायला कोण देवाला विचारतो?" त्यांनी कुशीवर वळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मागून पोरं ओरडली, "मास्टर, ढकलू का?" "थांबा रे, दर्शन चाललंय!" ते आतून गरजले आणि पुन्हा आवाज उतरवला. "ऐका. सोमवारी परीक्षेच्या आधी तुम्ही आदवनच्या खोलीत जा. मी गेलो तर तो हसेल. मी मरतो म्हटलं तरी लोक टाळ्या देतील, असा जन्म घालवलाय मी. तुम्ही बोललात की कोणी हसत नाही."

"काय सांगू?"

"जसंच्या तसं. मासिलामणीला टाळाचं शेपूट ऐकू येत नाही. आयुधपूजेची शीळही आली नव्हती. ते टोक चंदनाने सरकलं नाही, मी माझ्या हाताने खोचलं. आणि त्या पोरीची चारही गाणी कोणीतरी कानवाल्याने पुन्हा ऐकावीत. चूक तिची नाही, गुण देणाऱ्याची आहे. यातलं काही गाळू नका. माझी लाज वाटून मधलं काही कमी करू नका."

"नाही करणार. आणि टाळाचा तास?"

मास्टरांनी दगडाला गाल टेकवला. "तो तुम्ही घ्या. मी पहिल्या बाकावर बसतो, पोरांबरोबर. शेवटी अप्पांचा तुकडा लावाल तेव्हा मी नेहमीसारखे डोळे मिटीन. पण या वेळी मला ते लवकर उघडायचे नाहीत. शेपूट पुरतं संपलं की मला खूण करा. चष्मा पुसा."

"डोळे मिटल्यावर तुम्हाला माझा चष्मा कसा दिसणार?"

 मागून कोणीतरी न विचारताच मास्टरांचे दोन्ही पाय धरून जोर लावला, आणि ते वीतभर पुढे सरकले.

"मग खोका, टीचर," ते म्हणाले. "एकदाच. खोकला मला अजून ऐकू येतो."